डॉ. इरावतीबाई कर्वे : नात्यांचा शोध

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणा एका थोर दिवंगत व्यक्तीचे चरित्र असावे अशी संपादक मंडळाची इच्छा होती आणि ते काम आमच्याकडे आले. नावे अनेक सुचविली गेली. शिवछत्रपती, लोकमान्य, सावित्रीबाई यांच्यावर आपल्या मंडळात व्याख्याने होतच असतात, म्हणून आम्ही इरावतीबाई कर्वे यांचे नाव घेतले. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी, या बाई महर्षी कर्व्यांच्या कोण, असे विचारले. सून, असे उत्तर आम्ही दिले आणि देता देताच मनाशी हसलो. कारण बाईंच्या एका अतिशय प्रसिद्ध लेखाचा विषय नेमका हाच प्रश्न आहे. त्या लेखाकडे पुढे येऊच.

आम्ही मानववंशशास्त्राचे विद्यार्थी नव्हे. साधे बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने देशाच्या चारही दिशा पाहिल्या. बाईंना आम्ही पाहिलेले नाही; त्यांची ओळख झाली ती पुस्तकांतून, आणि तीही घरापासून दूर असताना. तेव्हा हा लेख पंडिताचा नसून एका कृतज्ञ वाचकाचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. वडील करमरकर नोकरीनिमित्त तेथे होते. इरावती नदीच्या काठच्या त्या गावी जन्मलेल्या या मुलीला नदीचेच नाव ठेवण्यात आले. भावांच्या पाठीवरची ही एकुलती मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत धाडण्यात आले. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना आजोळी किंवा वसतिगृहात ठेवण्याचा प्रसंग आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांवर आला आहे. बोटीच्या प्रवासाच्या त्या काळात, समुद्रापलीकडे राहणाऱ्या आईबापांनी सात वर्षांची पोर दूर पाठविताना काय सोसले असेल, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

हुजूरपागेत तिची मैत्री शकुंतला परांजपे हिच्याशी जडली. शकुंतला ही रँग्लर र. पु. परांजपे यांची मुलगी. रँग्लर त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शकुंतलेच्या आईने या परक्या मुलीला घरी आणले आणि घरचीच करून घेतले. आपल्या मुलीला एक बहीण मिळाली, इतक्या सहजपणे तिला ठेवून घेतले गेले. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते आणि देवधर्माविषयी निर्भय बोलणे होते. रक्ताचे नाते नसताना माणूस घरचा कसा होतो, हे या मुलीने पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी अनुभविले. पुढे परांजपे यांच्यावर लिहिलेल्या लेखाला बाईंनी ‘दुसरे मामंजी’ असे नाव दिले. या ‘मामंजी’ शब्दाकडेही आपल्याला परत यावे लागणार आहे.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या बी.ए. झाल्या. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करू लागल्या आणि १९२८ साली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम.ए. झाल्या. याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पत्नीनेही जर्मनीस जाऊन डॉक्टरेट करावी असे त्यांच्या मनाने घेतले. विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या अण्णासाहेबांना मात्र सुनेचे परदेशी जाणे रुचले नव्हते. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला त्या झाकाव्याशा वाटत नाहीत. दिनकररावांनी वडिलांचा विरोध मानला नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमध्ये त्या ज्यांच्या विद्यार्थिनी झाल्या ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांचे होते. पुढे नाझी राजवटीने त्यांच्या विद्येचा कसा उपयोग करून घेतला हे जगाला ठाऊक आहे. माणसाच्या कवटीची उजवी व डावी बाजू सारखी नसते. हा असमतोल युरोपीय कवट्यांत अधिक असावा आणि तो बुद्धीच्या श्रेष्ठतेशी जोडता यावा, अशी गुरूंची अपेक्षा होती. विद्यार्थिनीने निरनिराळ्या वंशांच्या कवट्या एकेक करून मोजल्या आणि या असमतोलाचा वंशाशी काहीएक संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. पंचविशीतली, कर्ज काढून परदेशी आलेली, गुलाम देशातली एक बाई. पदवी गुरूंच्या हाती. तिने मोजमापात जे दिसले तेच लिहिले. नोकरीत वरिष्ठांची अपेक्षा ओळखून टिपणे लिहिण्याची सवय जडलेल्या आम्हां मंडळींना हा प्रसंग वाचताना थोडे अस्वस्थ व्हावे लागते.

१९३० साली त्या परत आल्या. १९३१ ते १९३६ पर्यंत मुंबईत सासऱ्यांनीच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या निबंधक म्हणून त्यांनी काम केले. फायली, परीक्षा आणि पत्रव्यवहार यांचे हे काम त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नसावे असे आम्हांला वाटते. १९३९ साली पुण्यात डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुनर्रचना झाली आणि तेथे समाजशास्त्र शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. ही जागा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

महाविद्यालयातल्या बाई या नात्याने त्यांचे स्थान काही वेगळेच होते. विद्यार्थ्याने आपले म्हणणे घोकावे असा त्यांचा आग्रह कधीच नव्हता. त्या स्वतःच तशा शिष्या नव्हत्या. एका मूळ जातीची शकले होऊन पोटजाती बनल्या, हे घुर्ये यांचे मत. बाई म्हणत की तसे नव्हे. ज्यांना आपण पोटजाती म्हणतो तेच मूळचे वेगवेगळे गट, आणि ते एका नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसले आहेत. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापे घेतली, रक्तगट तपासले. आयुष्याच्या उत्तरार्धात कैलाश मल्होत्रा यांच्यासारख्या तरुण सहकाऱ्यास बरोबर घेऊन एकाच दर्जाच्या आठ गटांचा तुलनात्मक अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. शरीरमापांच्या या शास्त्राला आज जनुकशास्त्राने मागे टाकले आहे. बाईंच्या त्या तक्त्यांपैकी बरेचसे आता इतिहासजमा झाले, हे मान्य करावयास हवे. परंतु डॉ. ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे उकरणारी बाई, आणि पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालविणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक असलेली बाई, विद्यार्थ्यांना वर्गाबाहेरही पुष्कळ शिकवीत असली पाहिजे.

आता आमच्या आवडीच्या विषयाकडे येतो. नोकरीच्या सुरुवातीस आमची नेमणूक उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी झाली होती. एकदा शेजारच्या कुटुंबात जेवावयास गेलो असता बोलण्याच्या ओघात, आमच्या आजोबांनी मामाच्या मुलीशी लग्न केले होते, असे आम्ही सांगून गेलो. ताटावरची मंडळी स्तब्ध झाली. घरच्या म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मामाची मुलगी म्हणजे बहीण. बहिणीशी लग्न करणाऱ्यांचा नातू आपल्या घरी जेवतो आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पुढे काही वर्षांनी तमिळनाडूत बदली झाली. तेथे नेमके उलटे घडले. मामाची मुलगी चालते तर आत्याची का चालत नाही, आणि थोरल्या बहिणीच्या मुलीशी मामाचे लग्न तुमच्यात का होत नाही, असे एका सहकाऱ्याने आम्हांला निरागसपणे विचारले. या वेळी स्तब्ध होण्याची पाळी आमची होती.

या दोन्ही प्रसंगांचा उलगडा आम्हांला बाईंच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात झाला. भारतातल्या आप्तसंबंधांचे त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार प्रदेश पाडले. उत्तरेत मुलगी गावाबाहेर, नात्याबाहेर द्यायची. बापाचे, आईचे, दोन्ही आज्यांचे गोत्र टाळायचे. माहेरची लेक उघड्या तोंडाने हिंडते तर सून घुंगटात. दक्षिणेत मुलगी परक्यांत जातच नाही. सासू मुळातच आत्या असते नाहीतर आजी. महाराष्ट्र मध्य प्रदेशात पडतो. भाषा उत्तरेची, पण नात्यांची रीत अर्धी दक्षिणेची. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी करून घेतात, आत्याची मात्र टाळतात. आपल्या आज्या सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी का म्हणत, याचा विचार आम्ही जन्मात कधी केला नव्हता. आत्याच्या घरी दिलेल्या मुलीची सासू ही आत्याच, आणि आत्याचे यजमान ते मामा! लग्न नात्यात होवो अथवा न होवो, बोलीने ती जुनी रीत सांभाळून ठेवली आहे.

हे सारे बाईंनी ग्रंथालयात बसून लिहिले नाही. त्या गुजरातेपासून मलबारापर्यंत हिंडल्या. पैसे अपुरे, सोयी नाहीत. गावात जाऊन, तुम्ही भावाच्या बायकोला काय म्हणता, नवऱ्याच्या धाकट्या भावाला काय म्हणता, असे विचारत बसायचे. बायकांची गाणी, म्हणी, जुने संस्कृत आणि प्राकृत ग्रंथ, सगळीकडून शब्द वेचायचे. एका शब्दात एका घराची रचना सापडते, यावर त्यांचा विश्वास होता. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी काका, मामा, मावशी, आत्या या साऱ्यांच्या जागी एकच अंकल व आंटी येऊन बसले आहेत. बाई आज असत्या तर त्यांनी खंत न करता वही काढून ते टिपून घेतले असते, असे आमचे मत आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे आहे.

अशी ही विदुषी घरी कशी होती? घरी त्या इरू होत्या आणि दिनकरराव दिनू. त्या काळच्या पुण्यात पतीला नावाने हाक मारणे हीच एक क्रांती होती. त्या मंगळसूत्र घालीत नसत, कुंकू लावीत नसत. परंतु घरकामाचा आणि मुलांचा त्यांना कंटाळा होता असे मात्र नव्हे. जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनी पुढे लेखिका म्हणून नाव मिळविले, आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. दिनकररावांनी पत्नीच्या कामाला जो आधार दिला त्याला आपल्या समाजात तोड सापडणे कठीण आहे. स्वतः फर्ग्युसनचे प्राचार्यपद भूषविलेला हा गृहस्थ बायकोच्या लेखांचे इंग्रजी भाषांतर करीत असे.

या घरावर एक मोठी सावलीही होती. महर्षी कर्वे १९६२ पर्यंत, म्हणजे वयाच्या एकशेपाचव्या वर्षापर्यंत जगले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. सासऱ्यांवर बाईंनी भक्तीने लिहिले, पण डोळे मिटून लिहिले नाही. समाजासाठी सर्वस्व देणाऱ्या पुरुषाच्या घरातल्या बाईला आणि मुलांना त्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यांनी स्वच्छ मांडले. अशा पुरुषाची सून होणे हे भाग्य. पत्नी होण्याविषयी मात्र त्यांचे मत तितके अनुकूल नव्हते. सासऱ्यांविषयी असे लिहिणारी सून आम्ही दुसरी पाहिली नाही.

आणि आता तो लेख. ‘परिपूर्ती’ हा त्यांचा ललित लेखांचा संग्रह १९४९ साली निघाला. त्याच नावाचा लेख त्यात आहे. एका सभेत बाईंची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी, आणि त्या स्वतःही विदुषी. एवढे सारे सांगून झाले तरी काहीतरी राहून गेले, अशी रुखरुख बाईंना लागते. मग रस्त्याने जाताना काही शाळकरी मुले त्यांच्याकडे बोट दाखवून आपसांत म्हणतात, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. बाईंना वाटते, आता ओळख पुरी झाली.

या लेखावर मंडळाच्या एका वाचनसभेत कडाक्याचा वाद झाला होता, तो काही सभासदांना आठवत असेल. एवढ्या विद्वान स्त्रीने शेवटी आईपणातच धन्यता मानावी, हे तरुण भगिनींना पटले नव्हते. आम्हांला त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज थोडेसे सुचते. बाईंनी डॉक्टरेट, नोकरी, भटकंती यांतले काहीही मुलांसाठी टाकून दिले नाही. बाप, सासरा, पती ही सारी ओळख मोठ्या नावांची होती. त्या पोरांना यांपैकी एकही नाव माहीत नव्हते. त्यांना माहीत होता तो फक्त त्यांचा मित्र. सात वर्षांच्या वयात आईपासून दूर पडलेल्या मुलीला कोणाची तरी आई म्हणून ओळखले जाणे किती मोलाचे वाटले असेल, हेही विसरता येत नाही. तरीही तरुण भगिनींची शंका पूर्णपणे फिटते असा आमचा दावा नाही.

याच संग्रहात ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर बाई पंढरपूरपर्यंत पायी चालल्या. देवावर त्यांची श्रद्धा रूढ अर्थाने कितपत होती कोण जाणे, पण विठोबावर त्यांचा जीव होता. त्यावरून घरची तरुण मंडळी त्यांची चेष्टाही करीत. दिंडीत त्यांनी पाहिले, की ब्राह्मण आणि मराठे एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत चालतात, पण मुक्कामाला चुली वेगळ्या मांडतात. त्यांना वाईट वाटले. त्या दोन्हींकडे गेल्या, दोन्हींकडे जेवल्या. आणि याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सापडली: डोंगर-नद्यांची नव्हे, राज्याच्या सीमेची नव्हे, तर पंढरीला चालत जाणाऱ्या माणसांच्या मुलखाची. संयुक्त महाराष्ट्र होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आषाढीला आपल्या मंडळात टाळ वाजतात तेव्हा आम्हांला ही व्याख्या आठवते आणि आपण तिच्या आत आहोत की बाहेर, असा प्रश्न पडतो.

‘युगान्त’विषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेख हवा. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताशी घेऊन बाईंनी भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे घरातल्या माणसांकडे पाहावे तसे पाहिले. देवत्वाचा मुलामा काढला. दोष दाखविले, आणि तरी त्या माणसांवरचे प्रेम कमी होऊ दिले नाही. १९६७ साली आलेल्या या ग्रंथास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काही निष्कर्षांवर पंडितांनी आक्षेप घेतले आणि ते सगळेच चुकीचे नव्हते. पण आमच्या घरी आईने हे पुस्तक वाचले आणि गांधारीचे प्रकरण संपल्यावर दोन दिवस ती कोणाशी फारशी बोलली नाही, हे आम्ही पाहिले आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ साली निघाला. विजेसाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, सोयऱ्याधायऱ्यांचे काय झाले, हे त्यात नोंदले आहे. सरकारी कारभारात वावरणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल एकदा वाचावा.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पासष्टही पुरे झाले नव्हते. ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह त्यांच्या मागे १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२४ साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि तियागो पिंतो बार्बोसा यांनी मिळून त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले; त्याचे नाव घरातल्या हाकेचे, ‘इरू’.

मंडळाच्या मागील संक्रांतीच्या समारंभात एका सभासदांची नवी सून आली होती. मुलगी तमिळ, मराठी नुकतीच शिकू लागलेली. सासूला काय म्हणावे हे तिला कळेना. मम्मी म्हणणे तिला रुचत नव्हते. बसलेल्या आजींपैकी एकीने सांगितले, की आमच्या काळी आम्ही आत्याबाई म्हणत असू. मुलगी चकित होऊन पाहत राहिली. मग हसून म्हणाली, की तिची आईसुद्धा तिच्या आजीला अत्तैच म्हणते. आजींना त्यात नवल काय ते समजले नाही. त्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सासऱ्याला मामंजी म्हणायचे हेही सांगून टाकले. मुलगी म्हणाली, तेही तिच्याकडे मामाच.